अकरावी फाइल

त्या बाई पुस्तकांची मुखपृष्ठं करतात, आम्ही सांभाळतो त्या चित्रांच्या प्रोग्रामवर. मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसले होते. ठरलं असं होतं की मी गप्प राहायचं आणि त्यांनी काम करता करता मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. त्यांनी फाइल उघडायला कंट्रोल-ओ दाबलं. समोर यादी आली: आयएमजी ४०१७, आयएमजी ४०१८, आयएमजी ४०१९, आणि खाली अशीच तीनशेच्या वर नावं.

"मला पिवळ्या भिंतीचा फोटो हवाय," त्या म्हणाल्या. "डाव्या कोपऱ्यात सायकल आहे. एकात तिचं पुढचं चाक अर्धं कापलं गेलंय, तो नको. पूर्ण चाक दिसतं तो."

त्यांनी अंदाजानं मधली एक फाइल उघडली. भिंत होती, सायकल नव्हती. बंद करायला गेल्या तर प्रोग्रामनं विचारलं, 'बदल जतन करायचे का?' त्यांनी एकही बदल केला नव्हता. फोटो उभा धरून काढलेला होता, तो आम्ही उघडतानाच सरळ करून दाखवला होता आणि ते फिरवणं आमच्याच हिशेबात 'बदल' म्हणून धरलं जात होतं. त्या न वाचताच 'नको' दाबून पुढे गेल्या. पुन्हा कंट्रोल-ओ, पुन्हा यादी, आणि यादी पुन्हा पहिल्या नावापासून. हवा तो फोटो अकराव्या फाइलला मिळाला. वहीत मी अकरा रेघा मारल्या होत्या.

त्या अजिबात वैतागल्या नाहीत. फाइल शोधायची ती अशीच, असं त्यांनी कधीचंच मान्य करून टाकलं होतं. मला त्या अकरा रेघांपेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं.

चित्रांवर काम करण्याचा हा प्रोग्राम आम्ही तिघंजण सांभाळतो, आणि वेळ मिळेल तसे हातभार लावणारे बरेच जण आहेत. माझ्याकडे मांडणीचं काम आहे. त्या दिवसाच्या आधी आम्हा तिघांचं एकमत होतं की आपली अडचण वेगाची आहे. 'फाइल उघडायला फार वेळ लागतो' अशी तक्रार सतत यायची, आणि आम्ही ती शब्दशः घेतली होती. जवळजवळ महिनाभर आम्ही जेपीईजी या प्रकारचे फोटो वाचण्याचा भाग घासूनपुसून जलद केला. तक्रारी आधी होत्या तेवढ्याच राहिल्या. लोक मोजत होते तो वेळ 'मला फोटो हवाय' इथपासून 'हा मिळाला' इथपर्यंतचा, आणि आम्ही घड्याळ लावत होतो ते शेवटच्या क्लिकनंतर.

कॅमेऱ्याची नावं अशी का असतात, हे मी घरी येऊन नीट वाचलं. कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या फायली कशा रचायच्या याचा डीसीएफ नावाचा नियम आहे. त्यानुसार फाइलच्या नावात आधी चार अक्षरं आणि मग चार आकडे, ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो आला की आकडे पहिल्यापासून सुरू. म्हणजे कॅमेरा थोडा जुना झाला की एकाच माणसाकडे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असणं अगदी साहजिक आहे. काही नावं अधोरेषेनं सुरू होतात. ती रेष सहसा फोटो अ‍ॅडोबी आरजीबी रंगावकाशात, म्हणजे रंगांच्या एका ठरावीक संचात, काढल्याची खूण असते, आणि हे वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. एकूण काय, हे नाव यंत्रानं यंत्रासाठी ठेवलेलं. त्यात पिवळी भिंत कुठून येणार?

आणि आम्ही तीच नावं एकाखाली एक लावून माणसाला म्हणत होतो, ओळखा.

यादीची ही खिडकी इतकी जुनी आहे की तिच्याकडे कुणी बघतच नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशवर ती होती. विंडोजच्या ३.१ आवृत्तीत, १९९२ मध्ये, सगळ्या प्रोग्रामांना वापरता येईल अशी तयार खिडकी आली. तेव्हा तिथे नाव आठ अक्षरांचं आणि मागे तीन अक्षरांचं शेपूट, मेमरी मोजकी, आणि बहुतेकांच्या फायली स्वतः लिहिलेल्या, स्वतः नाव दिलेल्या. त्या काळाला ती यादी शोभत होती. पुढे माणसाकडे हजारो फोटो आले, खिडकी मात्र पत्र उघडायला आणि फोटो उघडायला एकच राहिली. प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायच्या जीटीके या संचातल्या फाइल निवडण्याच्या खिडकीत थंबनेलची, म्हणजे छोट्या चित्रांची, जाळी द्या, अशी विनंती २००४ मध्ये नोंदवली गेली होती. ती पुरी झाली २०२३ मध्ये, ४.१० या आवृत्तीत. हा संच मुळात जिम्प या चित्र-संपादकासाठी बनवला गेला, त्याच्या नावातला 'जी' तिथलाच. त्यामागे कष्ट करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मी स्वतः यात हात घातल्यावर कळलं की 'नावांऐवजी छोटी चित्रं दाखवा' या एका वाक्याखाली केवढं काम दडलेलं असतं.

आमची पहिली चूक मोठी होती, आणि ती मी आग्रहानं करवून घेतली. मी म्हटलं, यंत्रणेची, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सची, तयार खिडकी सोडून देऊ, आपली स्वतःची करू. डावीकडे फोल्डर, मधे चित्रं, उजवीकडे मोठं चित्र आणि माहिती. आमचा एक सहकारी पहिल्यापासून विरोधात होता. तो म्हणाला, "अगं, त्या खिडकीत लोकांनी आपापली फोल्डरं खुंटीला टांगून ठेवलीत. नेटवर्कवरच्या डिस्क तिथे दिसतात. कीबोर्डच्या सवयी तिथल्या आहेत. हे सगळं तू परत बांधणार आहेस का?" मी म्हटलं, बांधू.

तीन महिने बांधत राहिलो. मग पॅकेजिंग, म्हणजे प्रोग्राम लोकांपर्यंत पोचेल असा बांधून देणं, बघणाऱ्यानं साधा प्रश्न विचारला: हे बंदिस्त पद्धतीत कसं चालणार? हल्ली लिनक्सवर फ्लॅटपॅकसारख्या पद्धतीत, आणि इतरत्रही, प्रोग्राम एका कुंपणात चालतो. त्याला तुमची डिस्क दिसत नाही. फाइल निवडण्याची खिडकी कुंपणाबाहेर यंत्रणाच उघडते, तुम्ही जी फाइल निवडाल तेवढीच आत प्रोग्रामच्या हाती येते. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे फार चांगलं आहे. माझ्या घरातल्या सगळ्या फायली कुठल्याही प्रोग्रामनं धुंडाळाव्यात असं मलाही वाटत नाही. पण मग आमच्या खिडकीला दाखवायला काहीच उरत नव्हतं. तीन महिन्यांचं काम रिकाम्या फोल्डरकडे बघत बसलं असतं.

फोटोशॉपचा इतिहास मला तेव्हा आठवला. २००२ मधल्या सातव्या आवृत्तीत फाइल ब्राउझर थेट प्रोग्रामच्या आत आला होता, आणि २००५ मध्ये त्याची जागा ब्रिज या स्वतंत्र प्रोग्रामनं घेतली. चित्रं पाहायला मोठी जागा लागते, उघडण्याच्या खिडकीत ती मावत नाही, हे त्यातून मी घेतलं. मात्र वेगळा प्रोग्राम आम्हाला झेपणारा नव्हता.

शेवटी जो तोडगा निघाला तो त्याच विरोध करणाऱ्या सहकाऱ्यानं काढला. यंत्रणेची खिडकी आहे तशी राहू द्यायची. तिच्या आधी आपलं एक पान, ज्यावर अलीकडची चित्रं आणि 'कामाची फोल्डरं'. ज्या फोल्डरमध्ये माणूस रोज काम करतो, ते तो एकदाच यंत्रणेच्या खिडकीतून निवडून देतो, म्हणजे परवानगी देतो. त्यानंतर त्या फोल्डरपुरती चित्रं आम्ही हवी तशी दाखवू शकतो. बाकी सगळ्यासाठी खाली एक बटण: 'दुसरीकडून उघडा'. बंदिस्त पद्धतीच्या नियमात हे बसतं, कारण फाइलसारखंच फोल्डरही निवडून देता येतं. तीन महिन्यांच्या कामातलं जे वाचलं ते बहुतेक मधल्या जाळीचं.

मग ती जाळी घेऊन आम्ही लोकांपुढे बसलो, आणि खरं शिकणं तिथून सुरू झालं.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट दिसली जी मी आजही विसरलेले नाही. फोल्डर उघडलं, चित्रं एकेक करून भरू लागली. आमच्या जाळीत आडव्या फोटोला रुंद जागा होती आणि उभ्याला अरुंद, त्यामुळे प्रत्येक नवं चित्र आलं की ओळ थोडी सरकायची. समोरच्या माणसाला हवं ते चित्र दिसलं. त्याचा हात माउसवर होता, बाण अगदी त्या चित्रापर्यंत पोचला, बोट खाली गेलं, आणि त्याच क्षणी वरच्या ओळीत एक चित्र भरलं. सगळं एका घरानं पुढे सरकलं. उघडली ती शेजारची फाइल. तो म्हणाला, "माझीच चूक झाली वाटतं." मी ठरवलेलं मौन तोडलं आणि म्हटलं, "नाही, तुमची नाही."

त्या रात्री आम्ही नियम केला: एकदा दिसलेली गोष्ट जागेवरून हलणार नाही. आता फोल्डर उघडलं की आधी सगळी रिकामी घरं आखली जातात, सारख्या मापाची. क्रम आधीच ठरतो. मग चित्रं आपापल्या घरात येऊन बसतात. मधेच नवी फाइल आली तर ती सगळ्यांना ढकलून आत घुसत नाही, वर एक छोटी सूचना येते आणि माणूस म्हणेल तेव्हाच क्रम ताजा होतो. क्रमाबद्दल आणखी एक: नावातले आकडे आकडे म्हणूनच मोजायचे. नाहीतर 'पान १०' हे 'पान २' च्या आधी येऊन बसतं आणि साठ पानांचं पुस्तक स्कॅन करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

सारखी घरं केल्यावर मी दुसरी चूक केली. घर पूर्ण भरावं म्हणून चित्रं मधून कापून चौकोनी केली. दिसायला देखणं झालं. पण मुखपृष्ठवाल्या बाईंनी पाहताच विचारलं, "यातला उभा कुठला?" त्या फोटो शोधताना आधी आकार शोधतात. उभा, आडवा, लांबट पट्टीसारखा. तो आकारच मी खाऊन टाकला होता. दुसऱ्या दिवशी चित्रं अख्खी दाखवायला सुरुवात केली, भले घराच्या कडेला रिकामी जागा राहो.

थंबनेल खोटंही बोलू शकतं, हे मला माहीत नव्हतं. कॅमेरा जेपीईजीमध्ये एक्झिफ नावाची, फोटोबद्दलची माहिती घालतो आणि त्यातच बहुधा एक चिमुकलं तयार चित्र असतं, बरेचदा १६० बाय १२० ठिपक्यांचं. ते वाचणं फार जलद, म्हणून आम्ही तेच दाखवत होतो. एकीनं सांगितलं, "मी या फोटोतून माझ्या मुलाचा चेहरा कापून टाकला होता, तुमच्याकडे अजून दिसतोय." फोटो दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्राममध्ये कापला होता, त्या प्रोग्रामनं आतलं छोटं चित्र बदललंच नव्हतं. ज्या फाइलमधून चेहरा काढला असं तिला वाटत होतं, त्यात तो होताच, आणि ती फाइल तिनं लोकांना पाठवलीही होती. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून आम्ही आतल्या छोट्या चित्राचं प्रमाण मूळ चित्राशी जुळतं का ते पाहतो, शंका आली तर ते टाकून देतो, आणि आमच्याकडून फाइल लिहिताना ते नव्यानं बनवतो किंवा काढून टाकतो.

मग जलद कसं करायचं? इथे जेपीईजीची रचना मदतीला येते. चित्र आठ बाय आठच्या तुकड्यांत साठवलेलं असतं, आणि वाचणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे तयार कोडच्या संचाला, सांगता येतं की मला अर्ध्या, पाव किंवा एक अष्टमांश मापातच दे. ६००० बाय ४००० चा फोटो एक अष्टमांशानं ७५० बाय ५०० होतो. पूर्ण उलगडला तर चोवीस दशलक्ष ठिपके, दर ठिपक्याला चार बाइट धरले तरी ९६ एमबी मेमरी, आणि तीही एका फोटोला. तीनशे फोटोंचं फोल्डर या मार्गानं गेलं असतं तर यंत्र बसलंच असतं. छोट्या मापात वाचायचं, त्यातून थंबनेल करायचं आणि साठवून ठेवायचं. लिनक्सवर साठवण्यासाठी ठरलेली पद्धत आहे: १२८, २५६, ५१२ आणि १०२४ अशी मापं, फाइलच्या पूर्ण पत्त्यावरून एमडी५ या गणिती रीतीनं काढलेलं नाव, आणि सोबत मूळ फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ. वेळ जुळली नाही की थंबनेल शिळं. दुसऱ्या प्रोग्रामनं केलेलं थंबनेल आपल्याला आयतं मिळतं आणि आपलं त्याला. फोल्डर हलवलं की पत्ता बदलतो आणि सगळी पुन्हा करावी लागतात, हा त्यातला तोटा.

उभ्या फोटोंची ती जुनी भानगडही इथेच सुटली. एक्झिफमध्ये दिशेसाठी १ ते ८ असे आकडे असतात. १ म्हणजे आहे तसा, ६ आणि ८ हे उभ्या फोटोचे नेहमीचे, आणि आरशासारखे उलटे असलेलेही त्यात आहेत. आम्ही ६ आणि ८ सांभाळले होते, बाकीच्यांकडे बघितलंच नव्हतं. आठही दुरुस्त केले, आणि सरळ करून दाखवणं 'बदल' म्हणून धरणं बंद केलं. 'बदल जतन करायचे का?' हा प्रश्न आता खराच बदल असेल तेव्हा येतो. हे एका ओळीचं काम होतं. ज्या प्रश्नाला शंभरदा न वाचता 'नको' म्हणावं लागतं, त्याला एकशेएकाव्या वेळी, खरं काम पणाला असताना, माणूस तेच उत्तर देतो. तशी मेहनत गमावलेल्या दोघांची पत्रं आमच्याकडे आहेत.

पारदर्शक चित्रांचं थोडक्यात सांगते. पांढऱ्या अक्षरांचं बोधचिन्ह पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसत नाही, आणि माणसाला वाटतं फाइल बिघडली. मागे फिकट चौकटी घातल्या, प्रश्न मिटला.

लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, असलेल्या फायलींचं वेगळंच. सगळे लेयर एकावर एक रचल्याशिवाय अशा फाइलचं अंतिम रूप दिसत नाही, आणि रचायला वेळ लागतो. ओपनरास्टर या खुल्या प्रकारात यावर सुंदर उपाय आहे. ती फाइल म्हणजे झिपची पेटी असते, आणि त्या पेटीतच एकत्र केलेलं चित्र आणि एक थंबनेल ठेवलेलं असतं. पेटी उघडायची, तेवढंच उचलायचं. आमच्या स्वतःच्या प्रकारातही आम्ही जतन करताना तसंच ठेवू लागलो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फायलींमध्येही बहुतेक वेळा कॅमेऱ्यानं घातलेलं जेपीईजी आत असतं, ते वापरलं.

इथपर्यंत आल्यावर आमच्यात उत्साह संचारला होता, आणि त्या भरात मी नावंच काढून टाकली. चित्रांखाली काही नाही, फक्त चित्रं. चाचणीला आलेल्यांमध्ये एक गृहस्थ होते ज्यांना दिसत नाही. ते पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीनं काम करतात. संस्थेच्या पत्रिकेसाठी येणारे फोटो ठरावीक मापाचे करणं, प्रकार बदलणं, ही कामं त्यांच्याकडे आहेत आणि ते ती झटपट करतात. आमच्या जाळीत त्यांना ऐकू आलं: "प्रतिमा. प्रतिमा. प्रतिमा. प्रतिमा." ते काही क्षण थांबले आणि शांतपणे म्हणाले, "आधीच्या खिडकीत मला काम करता येत होतं."

याहून स्पष्ट कुणी काय सांगावं? नावं परत आली. आता प्रत्येक घर नाव, तारीख, माप आणि प्रकार नीट वाचून दाखवतं, आणि ज्याला हवी त्याला एका बटणावर जुनी साधी यादी मिळते. नावं परत आणल्याचा फायदा छपाईची कामं करणाऱ्यांनाही झाला. त्यांच्याकडे फाइलचं नाव म्हणजे कामाचा क्रमांक, चित्र बघायची त्यांना गरजही नसते. लांब नाव मावेना तेव्हा आम्ही शेवट कापून तीन टिंबं देत होतो. पण लोक आवृत्तीचा आकडा शेवटीच लिहितात: 'मुखपृष्ठ निळं मोठा ठसा दुरुस्त ३', 'मुखपृष्ठ निळं मोठा ठसा दुरुस्त ४'. शेवट कापला की दोन्ही सारखी. म्हणून नाव मधे कापायचं, सुरुवात आणि शेवट दोन्ही ठेवायचे. मला या सगळ्या कामातली सर्वांत आवडलेली दुरुस्ती कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

ज्या गोष्टीनं सर्वांत जास्त आभार मिळवले ती मात्र दिसतही नाही. प्रोग्राम शेवटचं फोल्डर लक्षात ठेवतो, हे सगळीकडेच असतं. पण मुखपृष्ठ करणारी व्यक्ती फोटो एका फोल्डरमधून उघडते, प्रकाशनाचं बोधचिन्ह दुसऱ्यातून लेयर म्हणून आणते, काम तिसऱ्यात जतन करते आणि छपाईची प्रत चौथ्यात एक्सपोर्ट करते. आमची आठवण एकच होती. त्यामुळे एक्सपोर्ट केल्यावर 'उघडा' म्हटलं की समोर एक्सपोर्टचं फोल्डर. तिथून परत चार पायऱ्या वर, तीन खाली, दिवसातून तीस-चाळीस वेळा. आम्ही चार कामांसाठी चार वेगळ्या आठवणी केल्या. दोन दिवसांचं काम. 'उघडा', 'लेयर म्हणून आणा', 'जतन', 'एक्सपोर्ट' या एकाच यादीतल्या चार ओळी असल्या तरी माणसाच्या मनात ती वेगवेगळी कामं आहेत, हे मला त्या दोन दिवसांत उमगलं. जिम्पनं २०१२ च्या २.८ आवृत्तीत जतन आणि एक्सपोर्ट वेगळे केले तेव्हा बरीच कुरकुर झाली होती. मला तो निर्णय योग्यच वाटतो. लेयर सांभाळणारी प्रत आणि बाहेर पाठवायची प्रत या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या जागी राहतात.

अलीकडच्या चित्रांचं पान आम्ही कौतुकानं केलं होतं, आणि त्यावरून एकदा ओरडाही खाल्ला. एकानं ग्राहकासोबतच्या बैठकीत पडदा सर्वांना दाखवला, प्रोग्राम सुरू केला, आणि पहिल्याच पानावर दुसऱ्या ग्राहकाचं अजून जाहीर न झालेलं काम मोठ्या चित्रांत झळकलं. नावांच्या यादीत ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. चित्र हे लगेच ओळखू येतं म्हणून तर आम्ही ते दाखवत होतो, आणि तेच इथे नडलं. आता एखादं चित्र त्या पानावरून कायमचं काढता येतं, एखादं फोल्डर 'दाखवू नका' म्हणून सांगता येतं आणि सगळं पानच बंद करता येतं. हे पर्याय आत कुठेतरी दडवलेले नाहीत, त्या चित्रावरच उजवी क्लिक केली की समोर येतात. त्या गृहस्थांची मी फोनवर माफी मागितली.

फाइल उघडत नाही तेव्हा काय बोलायचं, यावर मी अख्खा आठवडा घालवला. पूर्वीचं वाक्य होतं: 'फाइल उघडता आली नाही.' नोंदी चाळल्या तर बऱ्याच वेळा फाइल धडधाकट होती, नावाचं शेपूट चुकलं होतं. वेबवरून उतरवलेलं वेबपी चित्र जेपीजी नावानं जतन झालेलं, असलं काहीतरी. नावावर विश्वास ठेवायची मुळात गरजच नाही. जेपीईजी एफएफ, डी८, एफएफ या बाइटनी सुरू होतं. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटमध्ये पीएनजी ही तीन अक्षरं असतात. फोटोशॉपची फाइल ८बीपीएस अशी सुरू होते. सुरुवातीचे काही बाइट वाचायचे आणि त्यावरून ठरवायचं. अशी फाइल आता सरळ उघडते आणि खाली एक ओळ येते: 'नावात जेपीजी आहे, पण ही वेबपी आहे. तशीच उघडली.' आणि जी खरंच अर्धवट उतरली आहे तिच्यासाठी: 'ही फाइल अपुरी आहे. वरचा भाग वाचता आला, तेवढा उघडू का?' लोक हो म्हणतात. जुना फोटो अर्धा का होईना मिळाला म्हणून एका आजोबांनी लिहिलेलं पत्र आमच्या तिघांकडेही जपून ठेवलेलं आहे.

हे सगळं होऊन पुन्हा त्या मुखपृष्ठवाल्या बाईंकडे गेले तेव्हा जवळजवळ दोन वर्षं उलटली होती. तेच मौन, तीच वही. या वेळी हवा होता तो पावसातल्या रस्त्याचा फोटो, ज्यात छत्री घेतलेली बाई पाठमोरी आहे. जाळीत त्यांनी तो भाग पटकन गाठला, पण तिथे एकामागून एक काढलेले नऊ फोटो होते. थंबनेलमध्ये नऊही सारखेच. मला धस्स झालं, पुन्हा रेघा मारायची वेळ येणार म्हणून.

त्यांनी स्पेसबार दाबला. चित्र खिडकीभर मोठं झालं. उजवा बाण दाबला, पुढचं. पुन्हा बाण. आम्ही शेजारची दोन-दोन चित्रं आधीच वाचून तयार ठेवतो, त्यामुळे बाण आणि चित्र यांच्यामध्ये वाट पाहणं नसतं. माणसाला तत्क्षणी वाटावं यासाठी सेकंदाच्या दहाव्या भागाची जी मर्यादा वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडली होती, ती गाठायला आमच्या सहकाऱ्यानं खूप खपून काम केलं होतं. चौथ्या चित्रावर त्या थांबल्या. "इथे पाऊल उचललेलं आहे. हा." एंटर. फाइल उघडली, एकच. एस्केप दाबून मागे गेल्या असत्या तरी त्याच घरावर आल्या असत्या, यादीच्या पहिल्या नावावर नाही.

मी वहीत एक रेघ मारली.

त्या मात्र पडद्याकडे बघतच होत्या. मग म्हणाल्या, "हा मी आधी कुठल्यातरी मुखपृष्ठावर वापरलाय बहुतेक. कुठल्या, ते हे सांगू शकेल का?"

नाही सांगू शकत. लेयर म्हणून आणलेलं चित्र कुठून आलं, ही नोंद आम्ही ठेवतच नाही. ते चित्र आत शिरलं की त्याचा पत्ता हरवतो. ठेवायची म्हटली तर फाइलमध्ये कुणाच्या डिस्कवरचा पत्ता लिहायचा का, ती फाइल दुसऱ्याला पाठवली तर तो पत्ता त्याला दिसू द्यायचा का, फोल्डर हलवलं तर काय, असे प्रश्न लगेच उभे राहतात. मी वहीचं पान उलटलं आणि त्यांना विचारलं, "शेवटचं कधी असं शोधावं लागलं होतं, सांगाल?"